गाणं संपेपर्यंत

माझा दादा केस कापतो आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतो. दोन्ही एकदमच करतो, त्यामुळे आमच्या दुकानात किती वेळ लागेल हे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर किती केस आहेत त्यावर ठरत नाही, रेकॉर्डच्या त्या बाजूवर काय आहे त्यावर ठरतं. नवं गिऱ्हाईक खुर्चीत टेकता टेकता विचारतं, "किती वेळ लागेल हो?" दादा त्याच्या गळ्याभोवती कापड बांधतो, सुई रेकॉर्डवर अलगद ठेवतो आणि म्हणतो, "गाणं संपेपर्यंत." गिऱ्हाइकाला वाटतं, गाणं म्हणजे तीन-चार मिनिटं. बिचारं निवांत होतं.

नियम साधा आहे. रेकॉर्डची एक बाजू, एक डोकं. गाणं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. केस आधी कापून झाले तर दादा मान साफ करतो, कानामागचं बघतो, कल्ले पुन्हा एकदा सारखे करतो, मागे आरसा धरून उभा राहतो. पण उठू देत नाही. कुणी चुळबुळ केली तर खांद्यावर हात ठेवतो. हात जड आहे.

दुकान आम्हा दोघांचं. बाजाराच्या इमारतीत वडिलांनी भाड्याने घेतलेला गाळा, त्याच्या मधोमध प्लायवुडची भिंत. रस्त्याकडची बाजू पुरुषांची, ती दादाची. मागची बायकांची, ती माझी. माझ्या बाजूला खिडकी नव्हती. पंखा होता, आरसे होते आणि प्लायवुडमधून येणारं ते संगीत होतं. मला ते आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

हे खूळ घरात आलं ते एका जहाजावरच्या रेडिओ ऑपरेटरमुळे. तो समोरच्या इमारतीत एकटाच राहायचा आणि दाढीला आमच्याकडे यायचा. एकदा निघताना रेकॉर्डचं एक खोकं आमच्याकडे ठेवून गेला. "आलो की नेतो," म्हणाला. आला नाही. दादाने त्याची पुष्कळ वाट पाहिली आणि मग एक दिवस, ओल तर लागली नाही ना, एवढंच बघायचं म्हणून पहिली रेकॉर्ड वडिलांच्या जुन्या प्लेअरवर लावली. मी तिथेच टॉवेल घडी करत होते. गाणं सुरूच होईना. नुसती वाद्यं. मी म्हटलं, "गाणारा आलेला दिसत नाही." दादाने हाताने गप्प बस म्हणून खुणावलं. मग गाणारा आला, दोन ओळी गायला आणि परत निघून गेला. मी म्हटलं, "भांडून गेला वाटतं." दादाने मला टॉवेलांसकट आत हाकललं.

त्या दिवशी त्याला नेमकं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. वडील गेल्यापासून तो नुसता मानेवर डोकं ठेवून वावरायचा. जेवला का, तर हो. झोपला का, तर हो. पण त्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करताना तो माझ्याशी आपणहून बोलला. म्हणाला, "ताई, असं पण करता येतं." काय करता येतं ते सांगितलं नाही. मी त्याच्याहून लहान असूनही तो मला ताई म्हणतो, कारण रागावले की मी आईसारखी दिसते.

दादाला या बाबतीत एकच जोडीदार मिळाला, तो म्हणजे वायरमन. इमारतीतली निम्मी वायरिंग त्याच्या हातची. दादाचा प्लेअर तोच दुरुस्त करायचा, आणि त्या बदल्यात रोज दुपारच्या चहाला येऊन भांडायचा. भांडण एकच. कुठला बँड प्रोग्रेसिव्ह आणि कुठला नाही. माणसं शेताच्या बांधावरून भांडतात, बहिणी-भाऊ दागिन्यांवरून भांडतात. हे दोघं पिंक फ्लॉईडवरून भांडायचे.

दादाने भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या होत्या. वरची आतल्यांची, खालची बाहेरच्यांची. किंग क्रिमसन वर, त्याबद्दल वाद नव्हता. येस नावाचा बँडही वर. त्या येसमधल्या गाणाऱ्याचा आवाज ऐकून माझ्याकडच्या बायका विचारायच्या, "ही कोण बाई गाते हो?" आणि मी सांगायचे, "बुवा आहे तो. त्याचं दुखतंय काहीतरी." जेनेसिसची तर दादाने फाळणी केली होती. जुन्या रेकॉर्ड वर, नंतरच्या खाली, एकाच घरातल्या भावांनी वेगळी चूल मांडावी तशा. जेथ्रो टल महिनाभर वर राहायचे, मग वायरमन काहीतरी बोलायचा आणि त्यांची खाली रवानगी व्हायची.

"बासरी आहे म्हणून प्रोग्रेसिव्ह होत नाही," वायरमन म्हणायचा.

"बासरी आहे म्हणून नाहीच म्हणत मी."

"मग तो एका पायावर उभा राहून वाजवतो म्हणून?"

"पायाचा संबंध आहे. पण त्याच्या नव्हे."

आणि पिंक फ्लॉईड ना वर, ना खाली. ते वर्षानुवर्षं टॉवेलांच्या स्टुलावर होते, धुतलेल्या टॉवेलांच्या खाली. वायरमन म्हणायचा, सगळं जग ज्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणतं त्यांना तू स्टुलावर ठेवतोस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दादा म्हणायचा, सगळं जग माझ्या खुर्चीत बसलेलं नाही.

वायरमनची व्याख्या सोपी होती. बँडमध्ये ऑर्गन किंवा सिंथेसायझर पाहिजे, गाणं लांबलचक पाहिजे आणि वाजवणाऱ्याला वाजवता आलं पाहिजे. दादा म्हणायचा, लांबलचक तर माझ्या मेव्हण्याचं बोलणंही असतं. मेव्हणा म्हणजे माझा नवरा. ते खरं असलं तरी मला राग यायचा.

दादाची स्वतःची व्याख्या पायाची होती. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड कापडावर असतं, हात कापडाच्या आत असतात, पण पाय बाहेर, पायटेकणीवर असतात. दादा केस कापता कापता आरशात त्या पायांकडे बघायचा. गाणं लागलं की कुणाचाही पाय हलतो. तो पाय जर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा ठेका धरून राहिला, तर तो बँड बाहेरचा. कितीही चांगला असू दे, खालच्या फळीवर. पण पाय सुरू झाला, मध्येच चुकला, थांबला, घाबरला, मग नव्याने ठेका शोधू लागला, तर तो बँड आतला. "पायाला कळलं पाहिजे की आपण मघाशी होतो तिथे आता नाही," तो म्हणायचा. "जिथून निघालं तिथेच फिरून आलं तर ते फेरफटका मारणं झालं. गाणं पुढे गेलं पाहिजे, आणि त्यातला माणूसपण." पिंक फ्लॉईडमध्ये काय व्हायचं, तर पाय चुकायचा नाही, नुसता हळूहळू निजायचा. म्हणून स्टूल.

वायरमन म्हणायचा, ही संगीताची परीक्षा आहे की संधिवाताची?

आता माझ्या कात्रीबद्दल सांगते. मी धंद्यात उतरले तेव्हा दादाने मला एक कात्री आणून दिली. बाहेरच्या देशातली, हातात घेतली की बोटांना आपली वाटणारी. त्या वर्षी त्याने एकही रेकॉर्ड घेतली नाही. कारण विचारलं तर म्हणाला, चांगलं काही बाजारात आलं नाही. मला कळत नाही असं थोडंच आहे? केसांच्या कात्रीने केसांशिवाय काही कापायचं नसतं. दोरा नाही, कागद नाही, फीत नाही. एकदा कापलं तरी धार जाते आणि मग ती केस कापत नाही, चावते. माझ्या सासूबाईंनी एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापायला घेतली, तेव्हा मी त्यांच्या अंगावर अशी धावून गेले की नंतर दोन दिवस घरात बोलणंचालणं बंद होतं. कात्री मात्र वाचली.

आणि एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो आठवून अजूनही मला एकटीला हसू फुटतं. वायरमन खुर्चीत होता. दादाने किंग क्रिमसनच्या काळातल्या कुठल्याशा अनोळखी बँडची नवी मिळालेली रेकॉर्ड लावली होती, आणि दोघंही तिचा फैसला करायला बसले होते. मी आत एका बाईंच्या केसांना रंग लावत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच मला या संगीतातलं काहीतरी पाठ होतंय. एकच तुकडा, परत तोच, परत तोच. म्हटलं, बरं झालं, यांना एकदाची चाल सापडली. रंग लावून झाला. बाईंच्या डोक्याला पिशवी बांधून झाली. तुकडा चालूच. मला शंका आली म्हणून बाहेर आले.

सुई रेकॉर्डवरच्या ओरखड्यात अडकली होती. आणि दादा डोळे अर्धे मिटून कापत होता. वायरमन पूर्ण मिटून बसला होता, पाय पायटेकणीवर थिजलेला. नियम होता ना, गाणं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. गाणं संपत नव्हतं, म्हणून दादा तंद्रीत नुसता कापतच होता, आणि वायरमनच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मी जाऊन सुई उचलली. एकदम शांतता झाली. दोघांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कुणाचा तरी खून केला.

"अडकली होती," मी म्हटलं.

"अडकली नव्हती," दादा म्हणाला, "ते तसंच आहे."

मग त्याची नजर आरशात गेली. वायरमनची पण गेली. डोक्याचा गोटा झाला होता. वायरमनने गोट्यावरून पुढून मागे हात फिरवला आणि म्हणाला, "काही म्हण, बँड आतला आहे." पुढचे कित्येक दिवस त्यांचं भांडण त्यावर चाललं की ओरखड्याने वाजवलेलं बँडच्या नावावर धरायचं की नाही. मी दोघांनाही सांगितलं, माझ्या मते तो ओरखडाच तुमच्या सगळ्या बँडांपेक्षा बरा. त्यावर दोघंही मला हसले. रेकॉर्ड वरच्या फळीवर गेली.

असं सगळं बरं चाललं होतं. मग इमारत विकली गेली.

नवी कंपनी आली आणि तिच्याबरोबर मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. नमस्कार करायचा, जिने पुसून घ्यायचा, बंद पडलेले दिवे बदलायचा. वाईट होतं ते त्याच्या हातून होणार होतं. कंपनीने ठरवलं, साऱ्या दुकानांत एकच संगीत. छताला स्पीकर बसणार, खालच्या चावीवाल्यापासून वरच्या चष्मेवाल्यापर्यंत सगळीकडे एकच मऊ, गोड, कुणाला त्रास न देणारं गाणं. स्वतःचं काही वाजवायचं नाही. भाडेकरार संपत आला होता, आणि नव्या करारात हे कलम होतं. बाकीच्यांना काय, चावीवाला म्हणाला, फुकटात गाणं मिळतंय. एक दिवस दोन माणसं आली आणि आमच्या छतालाही डबा ठोकून गेली. दादा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता. अजून चालू झाला नव्हता म्हणून.

त्या संध्याकाळी दादाच्या घरी जेवताना मी त्याची बिनपाण्याने केली. म्हटलं, "करारावर सही करून टाक. संगीत काय, घरी ऐक की. गाळा गेला तर मी कुठे जाऊ? तुझ्या किंग क्रिमसनच्या घरी?"

"घरी ऐकायचं नसतं ते," तो म्हणाला.

"का? घरी कान चालत नाहीत?"

"घरी कुणाचे पाय दिसत नाहीत." मग म्हणाला, "तुझं नुकसान होईल हे मला कळतंय, ताई. तू मला 'सही कर' म्हणालीस तर मी करेन. पण मग मी केस कापणार नाही. दुसरं काहीतरी बघेन."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा. मला इतका संताप आला की मी जेवणावरून उठले. मी "सही कर" म्हणाले असते तर त्याने केली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणता येईना.

आणि त्यातच मॅनेजर एके दुपारी माझ्या बाजूला आला, दादा जेवायला गेलेला बघून. इकडचं तिकडचं बोलला, पंख्याची चौकशी केली. मी म्हटलं, "साहेब, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?" तेव्हा म्हणाला, कंपनी माझ्या एकटीच्या नावाने वेगळा करार करायला तयार आहे. सगळा गाळा. पुढची बाजूही. मोठी काच, रस्त्याकडची खिडकी, माझं नाव. दादांचं काय ते दादा बघतील, ते अनुभवी आहेत.

खोटं कशाला बोलू, मला ती खिडकी दिसली. इतकी वर्षं मी दिव्याच्या उजेडात केसांना रंग लावत आले, आणि बायका घरी जाऊन उन्हात आरसा बघायच्या तेव्हा रंग वेगळाच निघायचा. खिडकी मिळाली असती तर माझं काम दुप्पट चांगलं झालं असतं. मी मॅनेजरला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दादाला काही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजर केस कापायला आला. स्वतःहून, हसत. वायरमन तिथेच चहा पीत बसला होता. मी टॉवेल द्यायला बाहेर आले होते.

"दादा, मी पण तुमच्यातलाच आहे बरं का," तो खुर्चीत बसत म्हणाला. "कॉलेजात असताना आम्ही पिंक फ्लॉईडशिवाय दुसरं काही ऐकायचो नाही. प्रोग्रेसिव्हचा बादशहा."

वायरमनने चहाच्या कपावरून माझ्याकडे बघितलं. दादाने कापड बांधलं. स्टुलावरच्या टॉवेलांखाली हात घातला, पिंक फ्लॉईडला बाजूला सारलं, आणि वरच्या फळीवरून येसची एक रेकॉर्ड काढून लावली. कात्री चालू झाली.

मॅनेजर बोलत होता. त्याने कंपनीशी भांडून एक तोडगा काढला होता. छतावरच्या गाण्यांमध्ये रोज दोन गाणी दादांच्या पसंतीची घालायची. खास प्रोग्रेसिव्ह. फक्त एवढंच, की मूळ गाणी फार लांब असतात, तर त्यांची आटोपशीर करून घ्यायची, तीनेक मिनिटांची. सुरुवातीचं ते नुसतं वाजणं काढून टाकायचं, मधला भाग काढायचा. "चांगलं तेवढं ठेवायचं," तो म्हणाला. "तुम्ही तरी काय करता? कापूनच तर चांगलं करता ना?"

"केस कापले तर पुन्हा उगवतात," दादा म्हणाला. कात्री थांबली नव्हती. "साहेब, मान सरळ ठेवा."

मॅनेजरला वाटलं, जमतंय. त्याने कापडाखालून फोन काढला आणि खाली कुणाला तरी सांगितलं, "चालू कर, जरा ऐकवू दे यांना." छतातला डबा खरखरला आणि त्यातून ते आलं. मऊ. गोड. आमच्या डोक्यावर कुणी साखरेचं पाणी ओततंय असं. खाली येस, वर ते. आणि मी बघितलं तेव्हा दादा आरशात मॅनेजरच्या पायाकडे बघत होता. इतका वेळ येसच्या गाण्यात चुकत, थांबत, शोधत असलेला तो पाय आता छतातल्या गाण्यावर पटपट पडत होता. एकसारखा. त्याला स्वतःला माहीतही नव्हतं.

दादाने कात्री खाली ठेवली. मॅनेजरच्या डोक्याची उजवी बाजू कापून झाली होती. डावी जशीच्या तशी होती.

"काय झालं?" मॅनेजर म्हणाला.

"वरचं बंद करा. मग पुढचं कापतो."

"दादा, ते आता बंद होणार नाही. तेच तर सांगायला आलो. तुम्ही तुमचं बंद करा."

"मध्येच?"

"मध्येच म्हणजे काय? गाणंच आहे ते!"

दादा खुर्चीपासून मागे सरला. हात मागे बांधून उभा राहिला. त्याचा चेहरा मी ओळखते. वडील गेल्यानंतर असायचा तसा मिटत चालला होता. मॅनेजरने आरशात स्वतःला बघितलं, अर्धा माणसात आलेला, अर्धा नाही, आणि मग माझ्याकडे वळला.

"ताई, तुम्ही शहाण्या आहात. ती सुई उचला. उरलेले केस तुम्हीच कापा. आपलं परवा बोलणं झालंय ना? खिडकीचं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सगळ्यांना ठाऊक होतं की या दुकानात सुई उचलणारी मीच. वायरमन स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत होता. खुर्चीपासून प्लेअर दोन पावलांवर, माझ्या एप्रनच्या खिशात माझी कात्री, आणि ते येसवालं गाणं, जे मला कधीही आवडलं नाही, ते नेमकं अशा जागी आलेलं की जिथे गाणारा परत येतो. आता येईल, आता येईल, असं वाटत राहतं. वरच्या साखरपाण्यामुळे तो आला की नाही तेच ऐकू येईना.

मला राग आला. दादाचा नाही. माझ्यासमोर एक माणूस मला माझाच भाऊ कापून द्यायला सांगत होता, आणि वर चांगलं तेवढं ठेवा म्हणत होता.

मी टॉवेलांचं स्टूल ओढलं. टॉवेल काढले, पिंक फ्लॉईड वायरमनच्या मांडीवर दिलं, स्टुलावर चढले, खिशातून कात्री काढली आणि छतातल्या डब्याची वायर कापली.

एक बारीकसा कट्ट आवाज झाला. तो वायरचा नव्हता, पात्याचा होता. मला हातातच कळलं.

"ताई!" दादा ओरडला. "कात्री!"

"गेली," मी म्हटलं. "केस काप."

खाली गाणारा परत आला होता. तो बाईसारखा गाणारा. आता स्पष्ट ऐकू येत होता.

मॅनेजर उठायला लागला. मी स्टुलावरूनच म्हटलं, "बसा, साहेब. गाणं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा दुकानाचा नियम आहे. आणि दुकान दोघांचं आहे. तसंच जायचं असेल तर जा, दार उघडं आहे. चावीवाल्यापासून चष्मेवाल्यापर्यंत सगळे बघतील." तो बसला. दादाने कात्री उचलली. डावी बाजू त्याने उजवीपेक्षा सुरेख कापली, हे मी या धंद्यातली म्हणून सांगते. गाणं संपल्यावर त्याने मागे आरसा धरला, कापड झटकलं आणि म्हणाला, "झालं, साहेब."

गाळा गेला. वेगळं काही होणार नव्हतं. महिनाअखेर आम्ही सामान बाहेर काढलं आणि वायरमन प्लायवुडची भिंत खांद्यावर घेऊन खाली गेला. त्या खिडकीमागे आता चपलांचं दुकान आहे.

आम्ही एका बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत आहोत. जमिनीवर अजून शाईचे डाग आहेत. खिडक्या चार, त्यामुळे माझा रंग आता उन्हातही तोच दिसतो. मधे भिंत घातली नाही. दादाची खुर्ची आणि माझी पाठीला पाठ लावून आहेत, आणि ते संगीत दिवसभर थेट माझ्या कानात. कात्री मी धार लावणाऱ्याकडे नेली होती. त्याने पातं उजेडात धरून विचारलं, "हिने काय कापलंत, बाई?" मी सांगितलं. त्याने ती परत माझ्या हातात ठेवली. दादा म्हणाला, दुसरी आणतो. मी म्हटलं, रेकॉर्ड आण, कात्री माझी मी आणेन. त्यावर तो खिडकीकडे तोंड करून बराच वेळ वस्तऱ्याला धार लावत बसला. वस्तऱ्याला धार होती.

पिंक फ्लॉईड अजून स्टुलावरच आहेत. वायरमन म्हणतो, वायर कापली तेव्हा ते माझ्या मांडीवर होते, आता तरी त्यांना वर घे. दादा म्हणतो, शौर्याने कुणी प्रोग्रेसिव्ह होत नाही. मला अजूनही त्यातलं काही आवडत नाही. परवा दादाने आरशात माझ्या पायाकडे बघून वायरमनला कोपर मारलं, तेव्हा मी दोघांना सांगितलं की पायाला मुंग्या आल्या होत्या.

काल एक नवीन बाई आल्या. घाईत होत्या, पर्स मांडीवरच धरून बसल्या. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. पलीकडे दादाने रेकॉर्ड फडक्याने पुसली आणि सुई हातात धरून थांबला.

"किती वेळ लागेल हो?" बाईंनी विचारलं.

"गाणं संपेपर्यंत," मी म्हटलं.